वाचकांचे प्रश्न : पेरूत सेवेला जाताना, आणि सुटीच्या दिवशी पिसाकच्या बाजारात

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, कुस्को शहराच्या आसपास स्वयंसेवक म्हणून जाण्याबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून बरीच पत्रं आली. काही पत्रांत तेच ते प्रश्न होते, ते एकत्र केले आहेत. कामाचे पाच दिवस आणि सुटीचे दोन दिवस, दोन्हींबद्दल विचारणा आहे. सुटीच्या, म्हणजे कुस्कोजवळच्या पिसाक या बाजाराच्या गावाच्या, प्रश्नांना आम्ही जास्त जागा दिली आहे. स्वयंसेवक कामाच्या जागी पाहुणाच असतो. गावाची खरी ओळख बाजारातच होते, आणि तिथे खर्च केलेला पैसा थेट गावच्या बाईच्या हातात पडतो.

प्रश्न : मुलगी बेळगावात बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे. तीन महिने कुस्कोजवळच्या एका गावात दवाखान्यात सेवा करायला जायचं म्हणते. संस्था आठवड्याला पैसे मागते. काम फुकट करायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे, हे बरोबर काय? — एक आई, निपाणी

ताई, पैसे मागितले एवढ्यावरून संस्था खोटी ठरत नाही. राहणं, जेवण, विमानतळावरून आणणं आणि अडीअडचणीला धावणारा माणूस, याला खर्च येतोच. मात्र त्या पैशाचा हिशोब लेखी मागा. किती पैसे मुलीला ठेवून घेणाऱ्या घराला जातात, किती दवाखान्याला आणि किती संस्थेच्या कार्यालयाला? आकडे न देता "सगळं गावासाठीच आहे" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

दुसरी गोष्ट घरबसल्या तपासता येते. पेरूत नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला ११ आकडी कर-क्रमांक असतो, त्याला 'रुक' म्हणतात. संस्थांचा रुक २० ने सुरू होतो. तो मागून घ्या आणि 'सुनात' या तिथल्या करखात्याच्या संकेतस्थळावर टाकून बघा. फुकट आहे. नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की बंद, हे लगेच दिसतं. रुक द्यायला टाळाटाळ करणाऱ्यांना पैसे पाठवू नका.

आता नर्सिंगचं. पेरूत परिचारिका म्हणून काम करायला तिथल्या परिचारिकांच्या 'कोलेहिओ' या व्यावसायिक संस्थेची नोंदणी लागते. आपली पदवी आणि कर्नाटक नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिथे चालत नाही. म्हणजे इंजेक्शन देणं, टाके घालणं, सलाईन लावणं ही कामं तुमच्या मुलीने करायची नाहीत, कोणी आग्रह केला तरी नाही. "इथे सगळं करायला मिळेल" असं सांगणारी संस्था रुग्णालाही धोक्यात घालते आणि मुलीलाही. वजन-उंची घेणं, नोंदी ठेवणं, हात धुण्याचं आणि दातांचं आरोग्यशिक्षण, गर्भवती बायकांच्या बैठकीत मदत, एवढी कामं तिच्या शिक्षणाला साजेशी आहेत. त्यांनाही स्पॅनिश लागतं. निघण्याआधी किमान तीन महिने, रोज एक तास स्पॅनिश शिकू द्या. भाषेशिवाय गेलेला स्वयंसेवक पहिला महिना दुसऱ्याचा वेळ खातो.

संस्थेला एक प्रश्न जरूर विचारा : हे काम माझ्या आधी कोण करत होतं आणि माझ्यानंतर कोण करणार? गावातल्या एखाद्या पगारी बाईचं काम फुकटात करून घेण्यासाठी परदेशी मुलं बोलावली जात असतील तर ती सेवा नव्हे. अनाथालयात दोन-तीन आठवड्यांसाठी जाणं तर आम्ही कुणालाच सुचवणार नाही. लळा लावून निघून जाणाऱ्या माणसांची रांग त्या लेकरांना बाधते. आणि मुलांमध्ये काम करणारी संस्था पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागत नसेल, तर ती मुलांची काळजी घेत नाही असंच समजा.

प्रश्न : व्हिसा, पासपोर्ट, कागदपत्रं यांचा क्रम काय ठेवावा? एसएसएलसीच्या मार्कशीटवर नाव एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं, अशी अवस्था आहे. — एक वाचक, खानापूर

आपल्या भागातली सगळ्यात मोठी अडचण तुम्ही नेमकी मांडली. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, बँकेत नुसती इनिशियल. कन्नडमधून इंग्रजीत आणि मराठीतून इंग्रजीत लिहिताना स्पेलिंगही बदलतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी आधार आणि बँकेतलं नाव मार्कशीटप्रमाणे करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज भरा. पासपोर्टच्या अर्जात इनिशियल लिहू नका, पूर्ण नाव लिहा. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. तो रिकामा राहिला तर तिकीट काढताना आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाला त्रास होतो. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आणि पोलिस क्लिअरन्सची ५०० रुपये आहे. पोलिस पडताळणी राहत्या पत्त्यावर होते, त्यामुळे कामासाठी पुण्या-मुंबईला असलात तर पत्ता कोणता द्यायचा ते आधी ठरवा.

भारतीयांना पेरूचा व्हिसा लागतो. दूतावास नवी दिल्लीत आहे. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या) देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा, किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना हातात असेल, तर पर्यटनासाठी २०१७ पासून व्हिसाशिवाय जाता येतं. पर्यटक म्हणून मोबदला घेऊन काम करता येत नाही. बिनपगारी सेवा करणार असाल तर संस्थेचं पत्र जोडून दूतावासाला ईमेलने स्पष्ट विचारा आणि आलेल्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा.

भारतातून पेरूची राजधानी लिमाला थेट विमान नाही. युरोपातून जाणारा मार्ग सोयीचा पडतो. तिकीट काढण्याआधी मधल्या प्रत्येक विमानतळासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो काय ते बघा. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतोच. स्वस्त तिकिटाच्या मोहात इथेच फसगत होते. शिवाय दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास केला तर मध्ये सामान घेऊन बाहेर पडावं लागतं, म्हणजे त्या देशात शिरण्याचा व्हिसा हवा. मुंबई ते कुस्को एकाच तिकिटावर घ्या.

संस्थेने पदवीची प्रमाणित प्रत मागितली तर परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचं प्रमाणपत्र, करून घ्यायचं. पेरू २०१० पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. मागितली नसेल तर हा खर्च करू नका.

आता पिवळ्या तापाची लस. कुस्को आणि पिसाक उंचावर आहेत, तिथे या तापाची भीती नाही. पण पेरूच्या जंगलभागात तो आहे, म्हणून पेरूहून भारतात परतणाऱ्याकडे आपलं सरकार लसीचं कार्ड मागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की जन्मभर चालते, आणि सरकारमान्य केंद्रातच मिळते. आपल्या भागाला गोव्यात मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयाचं केंद्र जवळ आहे. तिथले वार ठरलेले असतात, आधी विचारून जा. कार्डावर पासपोर्ट नंबर बरोबर आहे ना, ते तिथेच वाचून बघा. ही लस अंड्यात वाढवतात. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न : वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू. निवृत्त शिक्षक आहे. दोघं नवरा-बायको दोन महिने इंग्रजी शिकवायला जाणार. उंचीचा त्रास होतो म्हणतात, तो किती खरा? — चिकोडी

सर, तो पूर्ण खरा आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को सुमारे ३,४०० मीटर, म्हणजे दुपटीहून उंच. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश असतो. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, त्याचा फायदा धरू नका.

पहिल्या दोन दिवसांची आखणी हाच खरा उपाय. लिमाहून सकाळच्या विमानाने कुस्कोला उतरा आणि तिथे मुक्काम न करता थेट खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जा. पिसाक सुमारे २,९७० मीटरवर आहे, उरुबांबा गाव त्याहूनही थोडं खाली. चारशे-पाचशे मीटरचा हा फरक रात्रीच्या झोपेत कळतो. पहिले दोन दिवस चढ चढायचा नाही. जेवण हलकं, पाणी भरपूर, दारू अजिबात नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप तुटणं एवढं बहुतेकांना होतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं.

ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी डॉक्टर देतात. नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती चालत नाही. ही गोळी लघवी वाढवते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात, म्हणून दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवा. पिवळ्या तापाच्या लसीबद्दलही त्यांच्याशी बोला. साठीनंतर ती पहिल्यांदा घेताना दुष्परिणामांचा धोका वाढतो. डॉक्टरांनी नको म्हटलं तर तसं पत्र घ्या, पण परतल्यावर विमानतळावर अडवतील अशी तयारी ठेवून जा.

बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर सकाळची वाट बघायची नाही. ताबडतोब खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. पेरूत रुग्णवाहिकेचा नंबर १०६, पोलिसांचा १०५.

कोकाच्या पानांचा चहा तिथे घरोघरी देतात आणि तो तिथे कायदेशीर आहे. तिथे प्यायला हरकत नाही. पण त्याची पानं किंवा पुड्या भेट म्हणून बॅगेत टाकून आणू नका. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कोकाचं पान येतं. दुकानात उघड्यावर मिळालं म्हणून इथे ते चालत नाही, हे नीट लक्षात ठेवा.

प्रश्न : शनिवार-रविवार सुटी मिळाली तर पिसाक कसं बघावं? बाजार रोज भरतो की ठरावीक वारी? — बेळगाव, खानापूर आणि निपाणीतून मिळून सात पत्रं

वस्तूंचा बाजार आता रोजच लागतो. पण मोठा बाजार रविवारी, त्याखालोखाल मंगळवारी आणि गुरुवारी. रविवारी वरच्या वस्त्यांतली माणसं धान्य, भाजी, बटाटे घेऊन खाली उतरतात. खानापूरच्या आठवडी बाजारात डोंगराकडची गावं उतरतात तसंच. पाहुण्यांसाठीच्या शालीटोप्यांच्या रांगा ओलांडून आत भाजीपाल्याकडे जा. खरा बाजार तिकडे आहे.

कुस्कोतून पुपुती नावाच्या रस्त्यावरून पिसाकच्या व्हॅन सुटतात. त्यांना कोलेक्तिवो म्हणतात. वेळापत्रक नाही, भरली की सुटते, अगदी आपल्या वडापसारखी. ३३ किलोमीटर अंतर, पाऊण ते एक तास, भाडं साधारण पाच ते दहा सोल. सोल हे तिथलं चलन, एक सोल म्हणजे साधारण पंचवीस रुपये. भाडं उतरताना द्यायचं, सुटे हवेत. पिसाकला पुलाजवळ उतरायचं असतं. "बाहो एन एल पुएन्ते", म्हणजे पुलावर उतरणार, एवढं ड्रायव्हरला सांगून ठेवा, नाहीतर गाडी उरुबांबाच्या दिशेने पुढे जाते. परतीची गाडी अंधार पडायच्या आत धरा.

शनिवार अवशेषांसाठी ठेवा आणि रविवार बाजारासाठी. उलट केलं तर खरेदीचं ओझं पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागतो. गावाच्या डोक्यावर तिथल्या जुन्या इंका राजवटीतल्या लोकांनी बांधलेली पायऱ्यांची शेतं, सूर्यपूजेचा भाग आणि कड्यातल्या थडग्यांची भोकं आहेत. खालून चढत गेलं तर दीड-दोन तास दम काढतात. त्यापेक्षा पुलाजवळून टॅक्सीने वरच्या फाटकापर्यंत जा आणि पायवाटेने कल्याकासा, इंतिवाताना हे अवशेषांचे भाग करत गावात उतरा. बघत बघत उतरायला दोन-अडीच तास पुरतात. वाटेत पायऱ्या उंच आहेत आणि काही ठिकाणी कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सीनेच परतावं. टॅक्सीवाल्याशी फक्त जायचं की थांबून परत आणायचं, हे बसण्याआधी ठरवा.

तिकीट फक्त पिसाकचं असं मिळत नाही. 'बोलेतो तुरिस्तिको' नावाचं एकत्रित तिकीट घ्यावं लागतं. खोऱ्यातल्या पिसाक, ओल्यान्तायताम्बो, चिंचेरो आणि मोराय या चार जागांचं ७० सोलांचं तिकीट दोन दिवस चालतं. १३० सोलांचं पूर्ण तिकीट दहा दिवस चालतं आणि त्यात कुस्कोतल्या जागाही येतात. तुम्ही दोन-तीन महिने राहणार, म्हणून इथे चूक होते. पहिल्याच शनिवारी दहा दिवसांचं तिकीट घेतलं की त्यातल्या जेमतेम दोन सुट्या वापरता येतात आणि बाकी वाया जातं. ७० सोलांचं घ्या, आणि शनिवारी पिसाक करून रविवारी बाजारानंतर दुपारी दुसरी एखादी जागा त्यावरच बघा. माचू पिचू या प्रसिद्ध इंका अवशेषांचं तिकीट यात येत नाही, ते पूर्ण वेगळं असतं.

बाजारात शंभर-दोनशे सोलांची नोट मोडून मिळत नाही. कुस्कोतूनच दहा-वीसच्या नोटा आणि नाणी घेऊन निघा. फाटक्या कोपऱ्याचे डॉलर कोणी घेत नाही. एटीएममध्ये बँका प्रत्येक वेळी शुल्क कापतात, ते पडद्यावर दाखवतात. पटलं नाही तर रद्द करून दुसरी बँक बघा. तिथले दुकानदार मोबाइलवरून पैसे घेताना दिसतील, पण ती सोय तिथल्या खातेदारांसाठी आहे. आपलं यूपीआय तिथे धरून चालू नका.

भाजीवालीला 'कासेरा' किंवा लाडाने 'कासेरिता' म्हणतात, आणि तीही गिऱ्हाइकाला तेच म्हणते. नेहमीचं माणूस, असा त्याचा भाव. आपण "मावशी, वर घाला की" म्हणतो तशी वरची मूठ तिथेही मागतात, तिला 'यापा' म्हणतात. हा क्वेचुआ, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या मूळ लोकांच्या भाषेतला शब्द आहे. "कासेरिता, मि यापा?" म्हटलं की चार बटाटे वर पडतात. यापा भाजी-धान्यावर मागायची. हाताने विणलेल्या कापडावर मागायची नसते.

जून-जुलैत दिवस कोरडे आणि रात्री गोठवणाऱ्या असतात. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी जोराचे. जानेवारी २०१० च्या पुरात पिसाकचा पूलच गेला होता. त्या महिन्यांत जाणार असाल तर सोमवारच्या कामाला परत पोचता येईल अशी एक जास्तीची रात्र हाताशी ठेवा.

प्रश्न : आमचं घर विणकराचं. भाचा तिकडे जाणार आहे. अल्पाकाची शाल खरी कशी ओळखावी, हातमागाची कशी ओळखावी? — वडगाव, बेळगाव

काका, तुमच्या घरात ज्या गोष्टी बोटांना कळतात त्याच तिथेही उपयोगी पडतील. अल्पाका हा तिकडचा लोकरीसाठी पाळलेला प्राणी. बाजारातले बहुतेक स्वस्त स्वेटर आणि रंगीत पट्ट्यांच्या चादरी ॲक्रिलिकच्या किंवा मिश्र धाग्याच्या असतात. तीस-चाळीस सोलांत अल्पाकाचा स्वेटर येत नाही. खरी अल्पाका हाताला थोडी गार आणि जड लागते, तिची घडी लोंबते. ॲक्रिलिक हलकं, फुगीर आणि जरा चरचरीत. 'बेबी अल्पाका' म्हणजे पिल्लाची लोकर नव्हे, तर साधारण २२ मायक्रॉनची बारीक लोकर. विकणाऱ्याची परवानगी घेऊन सुटा धागा जाळून बघता येतो. लोकर जळताना केसासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळून कडक गाठ होते. विकुन्याची शाल म्हणून कोणी रस्त्यात स्वस्तात काही दाखवलं तर हात लावू नका. तो प्राणी संरक्षित आहे, त्याची लोकर फार महाग असते आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

हातमाग ओळखायची खूण तुम्हाला आवडेल. तिथल्या बायका कमरेला पट्टा बांधून, माग दुसऱ्या टोकाला खुंटीला अडकवून विणतात. ताणा कापत नाहीत, दोन्ही टोकांना तो वळवलेलाच राहतो. त्यामुळे कापडाला चारही बाजूंनी किनार असते, कुठेही कापलेली दशी नसते. मोठी शाल करायची तर असे दोन पट्टे मधोमध शिवतात. ती मधली शिवण म्हणजे दोष नव्हे. नक्षी ताण्यातून उठते, बाणा झाकलेला राहतो, आणि उलट बाजूलाही तीच नक्षी रंग बदलून दिसते. उलटीकडे सुटे धागे लोंबत असतील किंवा कडा कापून शिलाई मारलेली असेल, तर ते यंत्रावरचं. बाणा ठोकायला त्या लामाच्या हाडाची टोकदार पट्टी वापरतात आणि सूत टकळीवर कातून दुपदरी पिळतात.

लाल रंग बहुतेकदा निवडुंगावरच्या कोचिनिला किड्यापासून करतात. लिंबाचा रस घातला की तो नारिंगीकडे झुकतो, क्षार घातला की जांभळ्याकडे. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासून बघा. रंग उतरला तर तो पक्का बसलेला नाही.

अशा एका शालीमागे आठवडे जातात, तेव्हा किंमत शेकड्यांत असणार. थोडीफार घासाघीस चालते, दोन वस्तू घेतल्या तर विकणारी स्वतःच किंमत कमी करते. पण निम्म्यावर आणायचा हट्ट धरू नये, हे विणकराच्या घरात आम्ही वेगळं काय सांगावं! खात्री हवी असेल तर कुस्कोत १९९६ पासून पारंपरिक विणकरांचं केंद्र आहे. तिथे विणणारीचं नाव चिठ्ठीवर असतं. चिंचेरोतही विणकाम समोर बसून बघता येतं.

चांदीचं एक सांगून ठेवतो. पेरूत चांदीवर ९५० चा शिक्का असतो. 'अल्पाका' नावाने विकतात तो दागिना चांदीचा नसतो. तो निकेल, तांबं आणि जस्ताचा मिश्रधातू आहे.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहोत. उपास पाळतो. तिकडे खायचं काय, आणि स्वतः करून खाता येईल काय? — सदलगा

उपासाला तर अडचणच नाही. बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा आणि साबुदाणा ज्यापासून करतात तो कंद, ही सगळी मूळची अमेरिका खंडातलीच. राजगिऱ्याला तिथे 'किविचा' म्हणतात आणि त्याच्या लाह्यांच्या वड्या बाजारात मिळतात, आपल्या चिक्कीसारख्या.

बाहेर खाताना शब्द जपून वापरा. "सिन कार्ने" म्हणजे मांस नको म्हटलं, तर कोंबडी चालते असा अर्थ घेतात. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं तिन्ही म्हणा, आणि सूप असेल तर "सिन काल्दो दे पोयो" जोडा, कारण किनवा या तिकडच्या धान्याचं सूपही बरेचदा कोंबडीच्या पाण्यात करतात. 'मान्तेका' म्हणजे डुकराची चरबी. पिसाकच्या मातीच्या भट्टीतली चीज घातलेली एम्पानादा (करंजीसारखा भाजलेला पदार्थ) छान लागते, मात्र त्याच भट्टीत 'कुय' म्हणजे गिनिपिग भाजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी उकडलेलं मक्याचं कणीस आणि चीज, 'चोक्लो कोन केसो', घ्यावं. जांभळ्या मक्याचं गोड सरबत म्हणजे 'चिचा मोरादा', त्यात दारू नसते. 'चिचा दे होरा' आंबवलेली असते. ज्या घरावर काठीला लाल प्लास्टिक किंवा लाल फडकं बांधलेलं दिसेल तिथे ती मिळते.

घरी करायचं तर कुकर हवाच. त्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पातेल्यात डाळ तासन्‌तास ठेवली तरी दाणा टणक राहतो. लोक गॅस संपवतात आणि डाळीला नावं ठेवतात. आठ तास भिजवा, कुकरला घरच्यापेक्षा दीडपट वेळ द्या. तूरडाळ शोधत फिरू नका. मसूर ('लेंतेहास'), काबुली चणे ('गार्बान्सोस'), वाटाणे सहज मिळतात. जिरं 'कोमिनो', हळद 'पालियो'. 'रोकोतो' मिरची टोमॅटोसारखी दिसते, आत काळ्या बिया असतात, आणि ती आपल्या लवंगी मिरचीला भारी पडते, अर्धीच घाला. 'तार्वी' नावाचे पांढरे दाणे कोरडे विकत घेऊन शिजवू नका. त्यातला कडू विषारी अंश काढायला ते कित्येक दिवस पाणी बदलत भिजवावे लागतात. भिजवून तयार केलेलेच घ्या. पिण्याचं पाणी तीन मिनिटं खळखळून उकळा.

प्रश्न : आम्ही रताळं आणि बटाटा करतो. तिकडे बटाट्याच्या हजारो जाती आहेत म्हणे. मुलाला दोन-चार जांभळे बटाटे बियाण्याला आणायला सांगू काय? — बेळगाव तालुका

दादा, नको. तुमची हौस आम्हाला समजते, पण एकही बटाटा आणायचा नाही. परदेशातून लागवडीचा माल आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. खिशातून आणलेल्या एका बटाट्याबरोबर विषाणू किंवा सूत्रकृमी आला तर तो तुमच्याच वावरात थांबत नाही, शेजारच्या शिवारांत पसरतो. एकदा जमिनीत बसलेले असे काही रोग वर्षानुवर्षं जात नाहीत.

मुलाला त्या जाती बघून यायला मात्र जरूर सांगा. पिसाकच्या वरच्या डोंगरात क्वेचुआ गावांनी मिळून 'पार्के दे ला पापा', म्हणजे बटाट्याचं उद्यान राखलं आहे. तिथे शेकडो स्थानिक जाती एकाच डोंगरउतारावर वेगवेगळ्या उंचीला लावतात. बाजारात काळपट, सुरकुतलेले, खड्यासारखे 'चुन्यो' दिसतील. रात्रीच्या हिमात गोठवून, पायाने तुडवून, दिवसाच्या उन्हात वाळवलेले ते बटाटेच असतात. कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतात. ही साठवणुकीची रीत वहीत उतरवून आणण्यासारखी आहे. मात्र तिला कडक हिम लागतं, बेळगावच्या थंडीत ती जमणार नाही. बटाट्यावरचं जागतिक संशोधन केंद्र १९७१ पासून लिमात आहे. आपल्याकडे नव्या जातींसाठी विचारायची जागा म्हणजे सिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था.

थोडक्यात

वेळ : भारत पेरूच्या साडेदहा तास पुढे. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा बेळगावात संध्याकाळचे साडेपाच. घरी फोन करायला ही वेळ बरी.

वीज : २२० व्होल्ट. आपला दोन बारीक गोल पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी बसतो, तीन पिनांचा बसत नाही. लॅपटॉपसाठी अडॅप्टर न्या.

फोटो : रंगीत पोशाखात कोकरू घेऊन उभ्या असलेल्या बायका फोटोचे पैसे घेतात, तो त्यांचा व्यवसाय आहे. आधी विचारा, रक्कम ठरवा, मग काढा. भाजी विकणाऱ्या बाईचा फोटो तिच्याकडून काही घेतल्यावर आणि विचारूनच.

मुलांना गोळ्या-पैसे : वाटू नका. शाळेला काही द्यायचं असेल तर शिक्षकांना विचारून, कुस्कोतून विकत घेऊन द्या.

कुत्री : पिसाकच्या गल्ल्यांत मोकळी कुत्री पुष्कळ. महिनाभराहून जास्त राहणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस निघण्याआधी बेळगावातच घ्यावी. चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. आधी लस घेतलेली असली तरीही जायचंच.